यंत्रास दृष्टि कशी आली

खोपोलीहून जुन्या रस्त्यानें बोरघाट चढूं लागलें म्हणजे वाटेंत शिंगरोबाचें देऊळ लागतें. येणारे-जाणारे मोटारवाले तेथें क्षणभर थांबतात, एखादें नाणें टाकतात आणि पुढें जातात. हा शिंगरोबा पुराणांतला देव नव्हे. लोककथेप्रमाणें तो एक धनगर होता. दुर्बिणी आणि नकाशे जवळ असूनही गोऱ्या साहेबांना घाटांतून वाट सांपडेना, तेव्हां मेंढरांमागें डोंगर तुडविणाऱ्या ह्या माणसानें ती त्यांस दाखविली. आणि वाट मिळाल्यावर बक्षिसाऐवजीं त्याच्या वांट्यास मरण आलें, असें सांगतात. कथेंतला तपशील पारखण्याचें साधन नाहीं. परंतु घाटांतल्या लोकांनीं ती इतकीं वर्षें जपली, ह्याचें कारण उघड आहे. डोळे साहेबांनाही होते. पण डोंगर ज्यानें जन्मभर पाहिला होता, वाट त्यालाच दिसली.

ह्याच घाटाच्या पायथ्याशीं, खालापूर तालुक्यांतून, मुंबई-पुणे द्रुतगति मार्ग जातो. ९४.५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग २००२ सालीं पुरा झाला. २०२४ पासून त्यावर एक नवी व्यवस्था सुरू झाली आहे. मार्गावर लोखंडी कमानी उभारून त्यांवर कॅमेरे बसविले असून, वेगाची मर्यादा ओलांडणें, पट्टा न बांधणें, मार्गिका मोडणें असे १७ प्रकारचे नियमभंग हेरण्याचें काम त्यांस नेमून दिलें आहे. चित्र टिपणें ही कॅमेऱ्याची जुनी विद्या झाली. नवी गोष्ट ही, कीं टिपलेल्या चित्रांत काय आहे हें ओळखण्याचें पहिलें काम आतां यंत्रच करितें. ही दृष्टि यंत्रास एका दिवसांत आली नाहीं. तिचा इतिहास सुमारें सत्तर वर्षांचा आहे, आणि त्यांत यशाइतक्याच फजित्याही आहेत.

१९५७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल किर्श नांवाच्या अभियंत्यानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र प्रथमच गणकयंत्रांत उतरविलें. त्यासाठीं चित्राचे आडवे १७६ आणि उभे १७६ असे भाग पाडले, आणि प्रत्येक भागाचा उजेड-अंधार आंकड्यानें नोंदला. आईला त्या चित्रांत बाळाचें तोंड दिसलें असतें. यंत्रापाशीं मात्र ३०,९७६ आंकड्यांची रास होती. ह्या राशींतून "हें मूल आहे" असा निष्कर्ष काढावयाचा कसा, हाच पुढील अर्धशतकाचा प्रश्न होऊन बसला.

पहिला मार्ग सुचला तो नियम सांगण्याचा. यंत्रास सांगावें कीं, दोन डोळे, मध्यें नाक आणि खालीं तोंड असेल तर तो चेहरा समज. परंतु माणसानें मान वळविली, सांवली पडली, कीं नियम फसे. कर्जतच्या बाजूस भाताच्या जाती शेतकरी लोंबी पाहून ओळखतो. तेथील संशोधन केंद्रांतून 'कर्जत' ह्याच नांवाच्या अनेक जाती निघाल्या आहेत. एखाद्या जुन्या शेतकऱ्यास विचारावें कीं, ही अमुकच जात कशावरून? तो दोन-चार खुणा सांगेल. पण तेवढ्या खुणा पाठ करून शहरांतील मनुष्यास ती ओळखतां येणार नाहीं. शेतकऱ्याचें ज्ञान नियमांत मावत नाहीं. तें हजारों लोंब्या पाहून डोळ्यांत मुरलेलें असतें.

म्हणून दुसरा मार्ग निघाला: यंत्रास नियम सांगूं नयेत, उदाहरणें दाखवावींत. मेंदूंतील मज्जापेशींचें जाळें गणिताच्या भाषेंत कसें मांडतां येईल, हें मॅकुलक आणि पिट्स ह्या दोघांनीं १९४३ सालींच दाखविलें होतें. त्या आधारावर फ्रँक रोझेनब्लॅट ह्यानें १९५८ सालीं 'परसेप्ट्रॉन'ची कल्पना मांडली आणि तसें यंत्रही तयार केलें. त्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे ४०० घटक होते. त्याची रीत गांवच्या पंचायतीच्या दृष्टांतानें समजेल. पंचायतींत प्रत्येक पंचाच्या शब्दाला सारखें वजन नसतें. निवाडा चुकला, तर ज्यांच्या मतामुळें चुकला त्यांचें वजन कमी करावयाचें, आणि ज्यांचें मत बरोबर होतें त्यांचें वाढवावयाचें. असें पुष्कळ निवाड्यांनंतर पंचायत शहाणी होते. यंत्राचें शिकणें म्हणजे अशा असंख्य वजनांची फेरमांडणी होय.

त्या काळांतील विद्वानांचा उत्साह दांडगा होता. १९६६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील विद्यापीठांत, उन्हाळ्याच्या सुट्टींत कांहीं विद्यार्थ्यांना हाताशीं धरून यंत्रदृष्टीचा मोठा भाग उरकण्याची योजना आंखण्यांत आली! तो उन्हाळा गेला आणि त्यामागून अनेक उन्हाळे गेले. १९६९ सालीं मिन्स्की आणि पेपर्ट ह्यांनीं आपल्या ग्रंथांत एकपदरी परसेप्ट्रॉनच्या मर्यादा गणितानें सिद्ध केल्या, आणि ह्या मार्गावरचा विश्वास बराच ओसरला.

तथापि वाट बुजली नाहीं. ह्यूबेल आणि वीझेल ह्या शास्त्रज्ञांनीं १९५९ पासून मांजराच्या मेंदूवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, कांहीं पेशी केवळ विशिष्ट दिशेच्या रेषेलाच दाद देतात. १९८१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा धागा घेऊन जपानच्या कुनिहिको फुकुशिमा ह्यांनीं १९८० सालीं पदरांवर पदर असलेलें जाळें रचलें. पहिला पदर रेषा पाहतो, त्यापुढचा रेषांचे कोन, त्यापुढचा कोनांच्या आकृति. आणि असें चढत चढत शेवटच्या पदरांत वस्तूची ओळख पटते. इंग्रजींत ज्यास 'डीप लर्निंग' म्हणतात त्यांतील 'डीप' ह्या शब्दाचा अर्थ एवढाच, कीं जाळ्याचे पदर पुष्कळ असतात. शेवटच्या पदरांत दिसलेल्या चुकीची जबाबदारी मागच्या प्रत्येक पदरावर किती, हें वांटून देण्याची गणिती रीत १९८६ सालीं रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स ह्यांच्या निबंधामुळें सर्वत्र झाली. १९८९ सालीं यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्याच रीतीनें टपालावरील हातानें लिहिलेले विभागांक यंत्राकडून वाचवून दाखविले.

आतां उणीव राहिली ती दोन गोष्टींची: पुरेशीं उदाहरणें आणि पुरेसें वेगवान गणित. पहिली उणीव भरून काढण्याचा विडा फेइ-फेइ ली ह्या विदुषीनें उचलला. 'इमेजनेट' नांवाचा चित्रसंग्रह तिनें २००९ सालीं सादर केला; पुढें त्यांतील चित्रांची संख्या १ कोटी ४० लाखांवर गेली. हीं चित्रें कोणत्या वस्तूंचीं आहेत हें एकेका चित्रावर लिहिण्याचें काम १६७ देशांतील सुमारें ४९ हजार माणसांनीं घरबसल्या थोड्याशा मोबदल्यावर केलें. हें मांजर, ही होडी, हा नांगर, असें ते यंत्रास दाखवीत गेले. त्यांचीं नांवें कोणास माहीत नाहींत. शिंगरोबाचें निदान देऊळ तरी झालें.

दुसरी उणीव चित्रमय खेळांसाठीं बनविलेल्या गणकपट्ट्यांनीं भरून निघाली. २०१२ सालीं इमेजनेटवरील वार्षिक स्पर्धेंत टोरांटो विद्यापीठाचे क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन ह्यांचें जाळें उतरलें. बारा लाख चित्रें त्यास दाखविलीं होतीं, आणि त्याच्या वजनांची संख्या सहा कोटी होती. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाची चूक शेंकडा २६.२ होती, ह्यांची शेंकडा १५.३ निघाली. तीनच वर्षांत, २०१५ सालीं, १५२ पदरांच्या जाळ्यानें ही चूक शेंकडा ३.५७ पर्यंत खालीं आणली. हिंटन ह्यांस २०२४ सालीं जॉन हॉपफील्ड ह्यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ सालीं स्थापन झाली आणि १९९१ सालीं तिनें 'परम ८०००' हें महासंगणकयंत्र सिद्ध केलें. त्याच संस्थेंतील 'परम सिद्धि-एआय' हें ह्या नव्या विद्येसाठींच उभारलेलें यंत्र नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील यंत्रांच्या यादींत ६३ वें आलें.

ह्या दृष्टीचा खरा उपयोग कोठें? सर्वांत आधीं रुग्णाच्या शरीरांत डोकावण्याकडे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं रोंटगेन ह्यांस क्ष-किरण गवसले, आणि तेव्हांपासून वैद्यांस शरीराच्या आंतलें चित्र मिळूं लागलें. परंतु चित्र काढणें सोपें झालें, तरी तें वाचणारा तज्ज्ञ दुर्मिळच राहिला. मधुमेहानें डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाड वेळींच ओळखला तर अंधत्व टळतें. २०१६ सालीं गूगलच्या संशोधकांनीं १,२८,१७५ चित्रांवर शिकविलेलें जाळें हा बिघाड तज्ज्ञांच्या तोडीनें ओळखतें असें प्रसिद्ध केलें. ह्या कामीं मदुरेचें अरविंद, चेन्नईचें शंकर नेत्रालय आणि बंगळूरचें नारायण नेत्रालय येथील चित्रेंही उपयोगीं पडलीं. आणि शिकविण्यासाठीं एकेक चित्र ५४ नेत्रतज्ज्ञांपैकीं अनेकांनीं पाहून त्यावर आपलें मत लिहिलें होतें.

मुंबईंत २०१६ सालीं निघालेल्या 'क्युअर एआय' ह्या संस्थेनें डोक्याच्या ३,१३,३१८ सीटी तपासण्या जमवून, मेंदूंतील रक्तस्राव आणि कवटीचे भंग ओळखणाऱ्या यंत्राचा अभ्यास २०१८ सालीं 'लॅन्सेट' ह्या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध केला. छातीच्या क्ष-किरण चित्रांत क्षयाच्या खुणा शोधणारें यंत्रही तिनें तयार केलें. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश भारतांत आहेत, हें लक्षांत घेतां ह्या कामाचें मोल कळेल. १५ वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांच्या प्राथमिक चांचणींत असें यंत्र तज्ज्ञाच्या जागीं वापरण्यास हरकत नाहीं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं केली. यंत्र येथें निवाडा देत नाहीं. कोणाची थुंकी तपासावयास पाठवावी एवढेंच सांगतें. पण जेथें चित्र वाचणारा डॉक्टर आठवडेच्या आठवडे फिरकत नाहीं, तेथें एवढें सांगणेंही थोडें नव्हे.

डोळ्यामागोमाग हात आला. यंत्रमानवाचा इतिहास पाहिला तर १९६६ ते १९७२ ह्या काळांत कॅलिफोर्नियांत बनविलेला 'शेकी' हा आपल्या कॅमेऱ्यानें पाहून खोलींतल्या खोलींत ठोकळे ढकलीत असे. परंतु खोली स्वच्छ आणि ठोकळे सरळ कडांचे असावे लागत. २०१६ सालीं गूगलच्या संशोधकांनीं यंत्राचे अनेक हात ओळीनें मांडून, त्यांस टोपलींतील निरनिराळ्या वस्तु उचलावयास लाविलें. आठ लाखांहून अधिक प्रयत्न झाले. किती वेळां वस्तु निसटली, किती वेळां हातीं आली, ह्यावरूनच ते हात पकड शिकले. रांगतें मूल जें वर्षभरांत आपोआप शिकतें, त्यासाठीं यंत्रास एवढा खटाटोप करावा लागला.

येथवरची कथा विजयाची वाटेल. परंतु ह्या दृष्टीचा एक दोष वेळींच ओळखला पाहिजे. २०१८ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणारें जाळें तपासलें. शिकविलें त्या रुग्णालयांच्या चित्रांवर तें हुशार ठरलें. बाहेरच्या रुग्णालयाच्या चित्रांवर त्याची हुशारी घटली. शोध घेतां असें दिसलें कीं, चित्र कोणत्या रुग्णालयांतून आलें हें यंत्र जवळजवळ अचूक ओळखत होतें, आणि ज्या ठिकाणीं रोगी अधिक, तेथील चित्रांस रोगी ठरविण्याकडे त्याचा कल होता. फुप्फुस पाहावें तें सोडून यंत्रानें पाटी पाहिली. विद्यार्थी धडा न वाचतां मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर ओळखतो, त्यांतलाच हा प्रकार. यंत्र तेंच पाहतें जें त्यास दाखविलेलें असतें. आणि जें दाखविलेलें नसतें तें त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नसतें.

ह्या वाक्याचा अर्थ खालापूर तालुक्यास कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडी ह्या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. सरकारी माहितीप्रमाणें वाडींत ४८ कुटुंबें आणि २२८ माणसें होतीं. त्यापूर्वींच्या तीन दिवसांत तेथें सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. वाडीस गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारीं यंत्रें डोंगराखालींच उभीं राहिलीं, खराब हवेमुळें हेलिकॉप्टर कामास आलें नाहीं. आणि निसरड्या पायवाटेनें चढून गेलेल्या माणसांना कुदळ-फावड्यांनींच माती उपसावी लागली. मदतीस निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा चढावरच अंत झाला. जगांत यंत्रांचे हात आठ लाख वेळां वस्तु उचलून पकड शिकले होते. त्या रात्रीं इर्शाळवाडींत एकही यंत्र पोंचलें नाहीं.

त्याहून बोंचणारी गोष्ट निराळी. विधिमंडळांत सांगण्यांत आलें कीं, दरडप्रवण म्हणून ज्या गांवांची यादी होती तींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें. त्याच वर्षीं, ह्या घटनेच्या कांहीं महिने आधीं, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें देशांतील दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. १९९८ ते २०२२ ह्या काळांतील सुमारें ८० हजार दरडी त्यांत नोंदल्या आहेत. अशा नोंदींवर शिकवून उपग्रहाच्या चित्रांत दरडी ओळखणारीं जाळीं आज अनेक देशांत तयार होत आहेत. आणि उतार, माती, खडक व पाऊस ह्यांवरून जेथें पूर्वीं दरड पडली नाहीं अशा डोंगराविषयींही अंदाज बांधतां येतो. हें ह्या विद्येचें मोठें सामर्थ्य होय. पण तिची शिदोरी शेवटीं मागच्या नोंदींचीच. ज्या वाडीची नोंद कोणी घेतली नाहीं, तिच्यापर्यंत यंत्राची नजर तितकीच अधू होऊन पोंचणार.

पुणे जिल्ह्यांतील माळीण ३० जुलै २०१४ रोजीं दरडीखालीं गेलें, तेव्हां तें बाहेरच्या जगास प्रथम कळलें तें एका एस.टी. चालकामुळें. नेहमींच्या वाटेनें आलेल्या त्या चालकाला गांव जागेवर दिसलें नाहीं. उपग्रह त्या वेळींही आकाशांत होते. परंतु पावसाळी ढगांखालचें साध्या कॅमेऱ्यास दिसत नाहीं. ही अडचण दूर करणारें रडारचें तंत्र आतां अधिक हातीं येत आहे. भारत आणि अमेरिका ह्यांनीं मिळून बनविलेला 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं, म्हणजे माळीणच्या दुर्घटनेस बरोबर अकरा वर्षें झालीं त्या दिवशीं, श्रीहरिकोट्याहून सुटला. ढग भेदून, तीच जमीन दर बारा दिवसांनीं पुनः पुनः पाहून, ती कांहीं सेंटिमीटर सरकली तरी टिपावी, अशी त्याची रचना आहे. सह्याद्रीच्या पावसाळ्यास असाच डोळा हवा होता.

तरीही बारा दिवस म्हणजे बारा रात्री. तेवढ्या अवधींत जमिनीस भेग पडते, झऱ्याचें पाणी गढूळ होतें, झाड कलतें. ह्या खुणा सर्वांआधीं दिसतात त्या वाडींतल्या माणसास, त्याच्या गुराख्यास, पाण्यास जाणाऱ्या बाईस. त्यांचें पाहणें नोंदींत उतरेल, तरच तें यंत्रास शिकवितां येईल; आणि यंत्रानें दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत त्यांच्या बोलींत पोंचेल, तरच त्याचा उपयोग. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील प्रत्येक वाडीचें नांव यादींत येणें हें गणितज्ञांचें काम नव्हे. तें तलाठ्याचें, शिक्षकाचें, ग्रामसेवकाचें आणि शेजारच्या सुशिक्षित माणसांचें काम आहे.

बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं धांवूं लागली. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून इंजिनें जोडतात, हें सर्वांस ठाऊक असतें. उतरणाऱ्या गाड्यांसाठीं केलेली योजना तितकी परिचित नाहीं. उताराच्या मार्गावर मुख्य रुळापासून फुटून चढावर जाणारी आणि तेथेंच संपणारी एक आंधळी शाखा घातलेली असते. सांधे एरवीं त्या शाखेकडेच लावलेले असावयाचे. उतरणारी गाडी आधीं थांबली, ब्रेक ताब्यांत आहेत अशी खात्री पटली, म्हणजे मग सांधा फिरवून तिला मुख्य वाट द्यावयाची. ब्रेक सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन अडते, आणि खालचीं माणसें वांचतात. ज्यांनीं ही योजना केली त्यांचा इंजिनावर अविश्वास नव्हता. इंजिनाशिवाय घाट चढतांच आला नसता. पण उतारावर कोणत्याही शक्तीस तपासल्यावांचून पुढें सोडावयाचें नाहीं, हा धडा घाटानें त्यांना दिला होता. पाहूं लागलेलें यंत्र आतां रुग्णालयांत, रस्त्यावर आणि डोंगरावर आलें आहे. त्याच्या वाटेवरही असा एक सांधा ठेवावा लागेल, आणि त्या सांध्यापाशीं जागा राहणारा एक माणूसही.